वर्धा शिक्षण योजना आणि शब्दखेळांतून इंग्रजीचे अध्यापन

दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसाय ही तिच्या ठरावांतील प्रमुख सूत्रे होत. त्यांनुसार झाकीर हुसेन समितीने तयार केलेल्या अभ्यासक्रमात इंग्रजीला स्थान नव्हते. मात्र मूल कृतीतून शिकते, हे तत्त्व या योजनेच्या केंद्रस्थानी होते.

पुढे २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी मराठी शाळांत हा विषय पाचवीपासून असे. अक्षरओळखही नसलेल्या बालकाला व्याकरण-भाषांतर पद्धतीने शिकविणे अशक्य असल्याने गाणी व खेळ आवश्यक ठरले. अशा रीतीने योजनेने वगळलेल्या विषयालाच योजनेचे तत्त्व उपयोगी पडले.

येथे मातृभाषेचे साहाय्य कसे होते, हे शब्दांच्या भेंड्यांवरून स्पष्ट होते. मराठीत शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द सुचतो. तेथे लेखन व उच्चार बहुधा जुळतात. इंग्रजीत 'कॉटन'वरून 'नीडल' सहज येतो. त्यानंतर मात्र कान 'ल' सुचवितो, तर स्पेलिंग 'ई' मागते. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हा भेद परिचित शब्दांतूनच उमगतो.

तथापि, कोडे मुख्यतः ओळखीच्या शब्दांना उजाळा देते. अपरिचित शब्दांचा परिचय आधी व्हावा लागतो. सारांश, शब्दखेळ हा मातृभाषेतील अनुभवाला पर्याय नसून त्याचा विस्तार आहे.