सुका मासा आणि खून

जुन्नर-आंबेगावात इंग्रजी कादंबऱ्या वाचणारे आम्ही जुने लोक म्हणजे तर्खडकरी. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले. त्यातच स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताच्या खेर सरकारने मराठी शाळांतलं इंग्रजी आठवीवर ढकललं. ते पहिलीपासून यायला 2000 साल उजाडलं. त्यामुळे वाक्याचा सांगाडा उलगडायचा, वाक्प्रचार आला की गाडी अडायची.

सगळ्यात हाल रहस्यकथांत. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची 1939 ची ‘अँड देअर वेअर नन’ घ्या. बेटावर अडकलेली माणसं एका बालगीताच्या क्रमाने मरत जातात. त्यात एकाला ‘रेड हेरिंग’ गिळतो. खारवून धुरी दिलेला, लालसर, उग्र वासाचा मासा. मंचरच्या बाजारात सुका बोंबील हुंगलेल्याला एवढं कळतं. पण इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेटने 1807 मध्ये लिहिलं होतं की पोरवयात त्याने असला मासा वापरून शिकारी कुत्र्यांना सशाच्या मागावरून भरकटवलं. (खरं-खोटं तोच जाणे.) त्या गोष्टीमुळे हा मासा म्हणजे हुलकावणी, हे इंग्रजीत रुजलं. ख्रिस्तीने खुनाचा धागा नेमका तिथे ठेवलाय. इंग्रज वाचकाचे कान टवकारतात, आमचा वाचक मासा पाहून पुढे सरकतो.

दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश मराठीपुरता. इंग्रजीसाठी उशाशी वीरकरांचा कोश. माझा शिरस्ता असा: अडलं तर पानभर पुढे जायचं, कोण हसलं, कोण चिडलं ते पाहायचं आणि मागे फिरायचं. ख्रिस्तीपुढे मात्र हा डाव चालत नाही. तिथे सगळेच सोंगाडे.