धुणं कुणाच्या लक्षात राहायचं?

१९३७ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. बेंडिक्स कंपनीने घरगुती ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आणलं. कपडे टाका, चालू करा. धुणं, खंगाळणं, पिळणं सगळं एकाच पिंपात. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी ३० मुलांना बेंझेड्रिन दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. जवळपास निम्म्या मुलांचं अभ्यासातलं लक्ष एकदम सुधारलं होतं. एडीएचडीच्या औषधांचा इतिहास बहुतेक वेळा इथून सुरू करतात.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. माझ्या घरात मात्र त्या रोज समोरासमोर येतात. मी २८ वर्षांची सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि मला एडीएचडी असल्याचं निदान नोकरी लागल्यानंतर झालं. आठ तास किचकट कोड लिहिणाऱ्या बाईला मशीनमधले कपडे वेळेत वाळत घालता येत नाहीत, हे नातेवाइकांना पटत नाही. 'बटण तर दाबायचं असतं,' असं म्हणतात. त्यानंतरचं वाक्य 'लग्न झाल्यावर कसं होणार?' हे असतं.

बटण दाबणं खरंच सोपं आहे. पण धुणं म्हणजे मळके कपडे वेगळे करणं, मशीन लावणं, ते थांबल्यावर कुबट वास यायच्या आत कपडे काढणं, वाळत घालणं, दोरीवरून काढणं, घड्या घालणं आणि कपाटात ठेवणं. यातलं प्रत्येक काम दहा-वीस मिनिटांचं. अडचण दोन कामांच्या मधल्या जागेत असते. कधी तासाभराची, कधी अर्ध्या दिवसाची. माझ्या डोक्यातून धागा सुटतो तो त्या मधल्या जागेत. मशीनने मनगटाचे कष्ट घेतले, लक्षात ठेवायचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं.

पूर्वी हे काम कुणाकडे होतं?

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. शहरात धोबी ठरलेल्या वारी दारात यायचा. घरातलं कुणीतरी वहीत लिहून घ्यायचं: चादरी ४, सदरे ६, धोतरं २. कपडे परत आले की वहीशी ताडून बघायचे. कपडा कुणाचा हे कळावं म्हणून त्यावर बिब्ब्याच्या रसाची खूण असायची. चुना लावला की ती काळी पडते आणि कितीही धुतली तरी जात नाही. बिब्ब्याचं इंग्रजी नावच त्यावरून 'मार्किंग नट' पडलं. मुंबईत १८९० पासून चालू असलेल्या महालक्ष्मीच्या धोबीघाटावर असंख्य घरांचे कपडे एकत्र धुतले जातात आणि खुणांच्या आधाराने आपापल्या घरी परत जातात.

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळी माहिती बाहेर साठवलेली होती: वारात, वहीत, कपड्याच्या कोपऱ्यात. कुणा एकाच्या डोक्यावर सिस्टिम चालत नव्हती.

इंग्लंड-अमेरिकेत हेच काम सोमवार करायचा. सोमवार हा धुण्याचा वार. गल्लीतल्या सगळ्या दोऱ्या भरलेल्या दिसल्या की आपलं धुणं राहिलंय हे आपोआप कळायचं. पुढे शहरांत व्यावसायिक लाँड्र्या आल्या आणि बरंच धुणं घराबाहेर गेलं. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात दाखवलं की घरगुती मशीनने ते पुन्हा घरात आणलं. स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या, आणि सगळं येऊन पडलं एका बाईवर.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. परटाचं काम त्याने निवडलेलं नव्हतं, ते जातीने त्याच्या माथी मारलेलं होतं. ज्या घरांत धोबी परवडत नव्हता तिथे वही आणि वार दोन्ही आजीच्या डोक्यात असायचे. त्या आजीला माझ्यासारखं काही असेल का, हे कुणी विचारलं नाही. तिला वेंधळी म्हटलं असेल आणि विषय संपवला असेल.

अशी लेबलं डॉक्टरांनीही लावली आहेत. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशाच मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्यांनी शब्द वापरले 'नैतिक नियंत्रणातला दोष'. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आजाराच्या नावात 'लक्ष' हा शब्द यायला १९८० साल उजाडलं. मोठ्या माणसांसाठी लक्षणांची अट सहावरून पाचवर आली ती २०१३ मध्ये. नैतिक दोषापासून इथवर यायला शंभरहून जास्त वर्षं लागली. घराघरांतल्या बोलण्यात मात्र १९०२ अजून संपलेलं नाही.

मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांची मांडणी मला उपयोगी पडली. काय करायचं हे एडीएचडीत माहीत असतं, ते योग्य क्षणी हातून घडत नाही. म्हणून आठवण डोक्यात न ठेवता, जिथे काम करायचं तिथेच ठेवायची. धोब्याच्या वहीचं तत्त्व हेच होतं.

आता माझ्या मशीनला दोरीने वही आणि पेन्सिल बांधलेली आहे. धुण्याचे वार दोनच, बुधवार आणि रविवार. बाकी दिवशी विचारसुद्धा करायचा नाही. टोपलीला झाकण नाही, कारण झाकलेलं मला दिसत नाही आणि न दिसलेलं माझ्यासाठी नसतंच. वाळत घालायचा स्टँड मुद्दाम येण्याजाण्याच्या वाटेत. मोबाइलच्या अलार्मवर 'लाँड्री' असं न लिहिता 'उठ, मशीन उघड' असं लिहिलंय. इस्त्रीवाले काका गुरुवारी येतात. ते मागतील ते पैसे मी घासाघीस न करता देते, कारण इस्त्रीबरोबर मी त्यांचा गुरुवारही विकत घेते.

कडक इस्त्रीच्या कपड्याला मराठीत अजूनही परीटघडीचा कपडा म्हणतात. ती घडी नेसणाऱ्याने घातलेली नसते, हे त्या शब्दातच आहे. तेव्हा तुमच्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग असेल आणि कुणी तुमच्या स्वभावावर घसरलं, तर एवढंच विचारा: तुमच्या घरचं धुणं कुणाच्या लक्षात असतं?