चेंडूला लाथ मारण्यास नकार देणारी शाळा : श्रीनगर, १८९१

१/ १८९१ साली श्रीनगरच्या मिशन शाळेत प्रथमच फुटबॉल आला. मुख्याध्यापक सेसिल टिंडेल-बिस्को यांनी तो मुंबईहून आणला होता. खेळून पैसे मिळणार नाहीत, शिवाय चेंडू चामड्याचा आहे, हे कळताच विद्यार्थ्यांनी खेळण्यास साफ नकार दिला.

२/ या नकारामागे समाजाची उतरंड होती. बहुतेक विद्यार्थी काश्मिरी पंडितांच्या घरचे. चामड्याचा त्यांना विटाळ. वल्हे मारणे हे हांजींचे काम, ओझे वाहणे हमालांचे. पिळदार दंड ही कष्टकऱ्याची खूण असल्याने विद्यावंताला तो कमीपणा वाटे.

३/ बिस्को हे १८८४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत विजयी ठरलेल्या केंब्रिजच्या नावेचे सुकाणूधारी होते. त्यांनी शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन मुलांना मैदानावर नेले. फेरन आणि खडावा घातलेल्या मुलांनी धाकापोटी चेंडू लाथाडला. एकाच्या तोंडावर तो आदळला आणि विटाळ झाला म्हणून मुलगा रडू लागला. कालव्यावर नेऊन त्याचे तोंड धुतले गेले. खेळ पुन्हा सुरू झाला.

४/ ही प्रेरणा नव्हती, सक्ती होती. परक्या समाजाला ‘मर्द’ बनवण्याचा मिशनरी अहंकारही तीत होता. धाकाने मुले मैदानावर आली. पण धाक नेहमीच पुरणार नव्हता.

५/ खरा बदल घडला तो कौशल्याला प्रयोजन मिळाल्यावर. झेलम, दल सरोवर आणि कालव्यांच्या या शहरात माणसे बुडून मरत. शाळेने पोहणे आवश्यक ठरवले. ठरावीक वयापर्यंत पोहता न आल्यास फी वाढे. शिकलेली मुले पुढे बुडणाऱ्यांना वाचवू लागली. पुरात त्यांनी होड्या काढल्या, आगी विझवण्यास धाव घेतली, पटकीच्या साथीत सेवा केली.

६/ शाळेच्या मूल्यमापनात बुद्धीबरोबर शरीर आणि वर्तन यांनाही स्थान होते. बळ कोणासाठी वापरले, हा प्रश्न तेथे अभ्यासाचाच भाग होता.

७/ ज्या वल्ह्याला हात लावणे कमीपणाचे होते, तेच पुढे शाळेच्या बोधचिन्हावर आले : एकमेकांवर तिरकी ठेवलेली दोन वल्ही, त्यांची पाती हृदयाच्या आकाराची. वल्हे श्रमाचे चिन्ह, हृदय करुणेचे. शारीरिक शिक्षणात जीवनकौशल्ये असावीत, अशी चर्चा आज होते. श्रीनगरचा अनुभव तिला एक अट जोडतो : शिकलेले कौशल्य कोणाच्या तरी उपयोगी पडले, तरच ते काठी बाजूला ठेवल्यावरही टिकते.