गावोगावी वर्गणी काढून सिनेमा करता येतो का? केरळच्या ओडेसाने करून दाखवला होता

जॉन अब्राहम म्हटलं की आपल्याला बाईक आठवते, बॉडी आठवते. केरळात मात्र हे नाव घेतलं की जुन्या लोकांना भलताच माणूस आठवतो. हिंदीतल्या हिरोचा आणि याचा नावापलीकडे काहीही संबंध नाही.

हा जॉन अब्राहम १९३७ सालचा. एलआयसीतली नोकरी सोडून तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला, ऋत्विक घटक यांच्याकडे शिकला आणि मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ला सहाय्यक होता. १९७७ साली त्याने ‘अग्रहारत्तिल कळुतै’ हा तमिळ सिनेमा केला. एक प्राध्यापक आई मेलेलं गाढवाचं पिल्लू ब्राह्मणांच्या अग्रहारात घेऊन येतो, आणि मग गाव काय करतं, अशी गोष्ट. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुरस्कार मिळाला तरी पुढच्या सिनेमाला पैसे कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला. स्वतंत्रपणे सिनेमा करणाऱ्या प्रत्येकाचं घोडं इथंच अडतं. निर्माता पैसे घालतो म्हणजे तो कथेत बोलतो, गाणी मागतो, शेवट बदलायला सांगतो. त्याचंही चुकत नाही म्हणा, पैसे त्याचे असतात.

जॉनने यावर तोड काढली. एका माणसाकडून लाखो रुपये घेण्यापेक्षा हजारो माणसांकडून थोडे थोडे घ्यायचे. पाच-दहा रुपये देणारा माणूस हिरॉईन कोण घ्यायची ते सांगायला येत नाही.

ओडेसा नावाची टोळी

१९८४ साली कोझिकोडमध्ये ‘ओडेसा’ ही मंडळी एकत्र आली. नाव आलं होतं आयझेन्स्टाईनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधून. त्या सिनेमातला ओडेसा शहराच्या पायऱ्यांवरचा गोळीबाराचा प्रसंग जगभर शिकवला जातो.

कामाची पद्धत साधी होती. १६ एमएमचा प्रोजेक्टर घ्यायचा, एखाद्या गावात जायचं, पडदा बांधायचा आणि चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायचा. सिनेमा मूक, त्यामुळे भाषेची अडचण नाही. खेळ संपला की लोकांपुढे वर्गणीसाठी हात पसरायचा. आपल्याकडे गणपतीची वर्गणी निघते तसंच हे, फक्त पावती सिनेमाची.

अशा पैशांतून उभा राहिला ‘अम्मा अरियान’, साल १९८६. नावाचा अर्थ जुन्या पत्राच्या भाषेत सांगायचा तर ‘आईस कळावे’. पुरुषन नावाचा तरुण दिल्लीला निघालेला असतो. वाटेत त्याला एका मृतदेहाचा चेहरा ओळखीचा वाटतो. तो हरी, तबला वाजवणारा. त्याच्या आईला ही बातमी सांगायची म्हणून पुरुषन कोचीच्या दिशेने निघतो. वाटेत एकेक मित्र भेटतो, सोबत येतो आणि शेवटी आईच्या दारात एक मोठा जमावच जाऊन उभा राहतो. मधे मधे केरळात घडलेल्या खऱ्या आंदोलनांचे संदर्भ येतात, त्यामुळे कुठं माहितीपट संपला आणि कुठं कथा सुरू झाली ते कळत नाही. कॅमेरा वेणू यांचा, संकलन बीना पॉल यांचं.

गंमत बघा, सिनेमातला प्रवास आणि सिनेमाचे पैसे गोळा करण्याचा प्रवास सारखाच आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला, माणसं जोडत.

तयार झालेला सिनेमाही मग थिएटरवाल्यांच्या ताब्यात गेला नाही. ज्या मार्गाने वर्गणी आली त्याच मार्गाने तो परत गेला. पण ही गाडी फार पुढे जायच्या आत, ३१ मे १९८७ रोजी, कोझिकोडमध्ये एका इमारतीवरून पडून जॉनचा मृत्यू झाला. वय ४९. साथीदारांनी ओडेसाचं काम पुढे नेलं, पण जॉनने केलेला ‘अम्मा अरियान’ हा शेवटचाच सिनेमा ठरला.

मग ‘मंथन’चं काय?

आता कुणीतरी म्हणेल, लोकांच्या पैशातून सिनेमा तर श्याम बेनेगल यांनी आधीच केला होता. बरोबर आहे. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. हिशोब सरळ, दहा लाख. लेखनात विजय तेंडुलकर होते.

पण दोन्हींत फरक आहे. ‘मंथन’च्या मागे दूध महासंघ उभा होता. दोन रुपये गोळा करायला गावोगावी डेऱ्या होत्या, आणि सिनेमाही सहकारी दूध चळवळीचाच होता. सिनेमा उत्तम आहे, त्यात वाद नाही. तरी संस्थेच्या पैशांतून संस्थेची गोष्ट सांगणं आणि अनोळखी गावात चॅप्लिन दाखवून पैसे मागणं, ही दोन वेगळी कामं.

त्याच १९७६ साली ‘युक्त’ नावाच्या सहकारी संस्थेने तेंडुलकरांचाच ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणला. दिग्दर्शक म्हणून के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशी चार नावं. नाना फडणवीस मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. नाटक पाहायला म्हणून बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत गोंधळतो, कारण नाटकाची गोष्ट नीट सांगण्यात या मंडळींना रस नव्हता. प्रायोगिक सिनेमा तो हाच.

कॅमेरा कुणाच्या हातात?

पैसा कुणाचा हा एक प्रश्न झाला. कम्युनिटी सिनेमात त्याहून अवघड प्रश्न असतो, कॅमेरा कुणाच्या हातात?

तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर नावाचं गाव आहे. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेसोबत काम करणाऱ्या दलित शेतकरी बायका १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिडीओ कॅमेरा शिकल्या. यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. इंग्रजी शब्द पाठ करण्यापेक्षा त्यांनी शॉटना आपली नावं दिली. वरून खाली बघणारा शॉट म्हणजे ‘पटेल शॉट’, कारण गावचा जमीनदार मजुराकडे असाच बघतो. आणि डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीचा तो ‘संघम शॉट’, कारण महिलांच्या संघमच्या बैठकीत सगळ्या जमिनीवर सारख्या बसतात.

फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेऱ्याचा अँगल शिकवायला किती तास जातात कुणास ठाऊक. इथं तो एका शब्दात आला. बी-बियाणं, शेती, पिकं या विषयांवर या बायकांनी पुढे बऱ्याच फिल्म केल्या.

पण बहुतेक वेळा कॅमेरा बाहेरून आलेल्या माणसाच्याच हातात असतो. मग काय होतं ते आनंद पटवर्धन यांच्या ‘बॉम्बे अवर सिटी’मध्ये (१९८५) दिसतं. मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावरची ही फिल्म. त्यात घर तुटलेली एक बाई दिग्दर्शकालाच सुनावते. तुम्ही आमचे फोटो काढून नाव कमावणार, आमच्या हाती काय पडणार, असा तिचा रोख. पटवर्धन यांना हा भाग कापून टाकणं सहज शक्य होतं. त्यांनी तो फिल्ममध्ये ठेवला. आजही कुठल्याही वस्तीत शूटिंग करणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं.

याच फिल्ममध्ये शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले आणि काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून पटवर्धन यांनी सुरू केलेली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाली २०११ मध्ये. चौदा वर्षं. ती मग मुंबईतल्या वस्त्यांत, चाळींत पडदे लावून दाखवली गेली.

चौदा वर्षं एका विषयामागे राहायला घर चालावं लागतं. बहुतेक स्वतंत्र फिल्मवाले लग्नाची शूटिंग, संस्थांचे व्हिडीओ, एडिटिंगची कामं, कुठं शिकवणं यावर ते चालवतात. मालेगावच्या नासिर शेख यांचा आधार होता व्हिडीओ पार्लर. ‘मालेगाव के शोले’ करताना यंत्रमागावर काम करणारे दोस्तच कलाकार झाले. महागडी उपकरणं नव्हती, म्हणून कॅमेरा कधी सायकलवर, कधी बैलगाडीवर. बाकीची गोष्ट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे सगळ्यांना माहीत आहे.

फिल्म झाली, दाखवायची कुठं?

इथं कायदा मधे येतो. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते कायमसाठी मिळतं, आधी दहा वर्षांची मुदत होती. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर दाद मागायला पूर्वी अपिलीय न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट हायकोर्ट, म्हणजे वकील, तारखा आणि खर्च. मोठ्या निर्मात्याला तो परवडतो. वर्गणीतून फिल्म केलेल्याने काय करायचं? यूट्यूबवर टाकायला हे प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून बरेच जण सरळ तिकडे जातात.

२००४ साली मुंबईच्या मिफ महोत्सवात सत्तेला बोचणाऱ्या बऱ्याच फिल्म नाकारल्या गेल्या, तेव्हा माहितीपटवाल्यांनी ‘विकल्प’ नावाने आपला समांतर महोत्सवच भरवला होता.

आणि प्रायोगिक सिनेमाचं म्हणाल तर ‘घाशीराम’च्या चार दिग्दर्शकांपैकी कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ मध्ये तयार झाला. थिएटरात लागला जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या काळात तो पाहणाऱ्यांनी हातोहात फिरणाऱ्या कॉप्यांवर पाहिला.