कोमट पाणी, नागली आणि जव्हार-मोखाडा

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी आरोग्याचा एक तरी सल्ला येऊन पडतो. कोमट पाण्यात लिंबू पिळा, दिवसातून पाचदा थोडं थोडं खा, हात वीस सेकंद धुवा, पांढरा तांदूळ सोडा आणि नाचणी धरा. धाडणाऱ्यांत आमच्या दोन आत्या आघाडीवर आहेत (त्या हे वाचतात, म्हणून आधीच सांगतो, राग नाही!). पण नाचणीचा सल्ला आला की माझं मन हटकून जव्हार-मोखाड्याकडे जातं. आपल्याला जे खा म्हणून आता सांगितलं जातंय, ते तिथली माणसं कित्येक पिढ्या खात आली आहेत. आणि महाराष्ट्राला 'कुपोषण' हा शब्द ज्या गावांनी पाठ करून दिला, त्यांतली काही गावं तिथलीच. हे कसं झालं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. थोडं वाचन झालं, थोडं फिरणं झालं. त्यातलं जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी जागा. जव्हार म्हणजे मुकणे घराण्याचं संस्थान. सुरतेवर निघालेल्या शिवाजी महाराजांची आणि तिथल्या राजांची १६६४ साली शिर्पामाळावर भेट झाली असं तिथे सांगतात. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. शेजारचा मोखाडा मात्र ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात होता. पुढे दोन्ही ठाण्यात आले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणून त्याला ठाण्याचं महाबळेश्वर म्हणायची पद्धत पडली. लोक हवापालटाला जायचे, अजूनही जातात. जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, सनसेट पॉइंट, मग परत. म्हणजे शहरी माणसाच्या लेखी हे गाव तब्येत सुधारायला जायचं ठिकाण! असो.

राजवाड्याचा रस्ता सोडून पाड्यांकडे वळलं की डोंगरउतार लागतात. वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांची. सपाट खाचरात भात आणि उतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी. नाचणीला तिकडे नागली म्हणतात. जमीन मुरमाड आणि उथळ. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, पण तो चार महिन्यांत येतो आणि उतारावरून तसाच वैतरणेत निघून जातो. पीक एकच. दिवाळीच्या आसपास घरात येणारं धान्य कुठवर पुरणार याचा हिशोब प्रत्येक घरात असतो, आणि बहुतेक घरांत तो होळीच्या अलीकडे-पलीकडे संपतो.

उरलेले महिने काढायचे कसे? याचं उत्तर म्हणजे त्या भागाचं स्वतःचं आहारशास्त्र, आणि मला ते फार मोठं वाटतं. पहिल्या पावसाबरोबर शेवळं येतात. ती नुसती शिजवली तर घसा खाजून जीव नकोसा होतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालायची. (ही युक्ती आपल्याकडच्या सुगरणींनाही ठाऊक आहे. पण ठाणे-दादरच्या बाजारात शेवळांच्या जुड्यांबरोबर काकडं विकायला बसलेल्या बाईला ती कुणी शिकवावी लागत नाही.) मग कोळीची भाजी, लोत, कुर्डू, टाकळा, बाफळी. खेकडे, ओढ्यातले मासे. मोहाची फुलं वाळवून ठेवलेली. आणि अगदीच काही उरलं नाही की कडूकंद. हा कंद तसाच खाल्ला तर बाधतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख लावून उकडायच्या, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग खायच्या. विष काढून पोट भरायची ही रीत कुणा अनामिक बायकांनी शोधली असणार, आणि शोधताना कुणीतरी नक्की आजारी पडलं असणार.

नागलीचंही तसंच. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, सडलेल्या तांदळात जेमतेम दहा. ज्या घरात दूध क्वचितच दिसतं तिथे हाडं टिकली ती या काळपट भाकरीवर आणि आंबिलीवर.

मग बिघडलं कुठे? एका रात्रीत काहीच बिघडलं नाही. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल सरकारी होत गेलं आणि कंद खणणारा माणूस स्वतःच्याच रानात चोर ठरू लागला. धान्य संपलं की सावकाराकडून खावटी आणायची, ती सुगीला दामदुपटीने फेडायची. डहाणू-तलासरीकडे तर लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको जन्मभर राबायचे, त्यांना 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलंय त्यांना हे सांगायला नको. वेठ मोडली, पण जमीन उथळ ती उथळच राहिली. मग दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जायचं, होळीला दोन दिवस यायचं आणि परत पावसाच्या तोंडावर घरी. मुलं बरोबर. अंगणवाडीचा खाऊ गावात, आणि मूल भट्टीवर.

अंगणवाडीवरून एक गंमत सांगतो. हा शब्द आणि ही कल्पना याच जिल्ह्याच्या मातीतली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात, ते गुरांमागे गेलं तर कुरणात. शिकवण्याच्या आधी मुलांना गोळा करून आंघोळ घालायची, नखं कापायची. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. कोसबाडपासून जव्हार काही तासांवर. तरीही १९९२ घडलंच.

त्या वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात मुलं एकामागून एक दगावली. शंभराहून अधिक, असं तेव्हापासून सांगितलं जातं. वृत्तपत्रांत आलं, विधिमंडळात गाजलं, मंत्री आले, जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. तोवर मुलांची मोजणी वजनावरून श्रेणी लावून व्हायची. अपेक्षित वजनाच्या निम्म्याहून कमी भरलं की श्रेणी चार. या मुलांपैकी बरीचशी कागदावर जुलाबाने, तापाने, न्यूमोनियाने गेली. भुकेने मूल सहसा सरळ मरत नाही. भुकेने ते इतकं हलकं होतं की आपल्याकडे तीन दिवसांत बरा होणारा जुलाब त्याला घेऊन जातो. म्हणूनच 'हे कुपोषणाचे बळी की आजाराचे' हा वाद तेव्हाही झाला आणि नंतरही होत राहिला. मला तो वाद कोडगेपणाचा वाटतो.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊसच पडला. 'दूध, अंडी, हिरव्या पालेभाज्या, फळं' असा चार रंगांचा तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर. तक्ता खोटा नव्हता. पण टाकळा-कुर्डूचं चित्र त्यावर मी तरी कधी पाहिलेलं नाही. गाजर मात्र हमखास!

काही सल्ले मात्र खरंच मोलाचे निघाले, आणि ते सगळे साधे आहेत. बाळाला जन्मल्याबरोबर आईचं पहिलं घट्ट, पिवळसर दूध द्या, ते टाकू नका. सहा महिने फक्त अंगावरचं. मग वरचं अन्न, पण पातळ पेज नको. लहान मुलाचं पोट वाटीएवढं, त्यात पाणीच भरलं तर अंगी काय लागणार? म्हणून दर दोन-तीन तासांनी थोडं, आणि त्यात चमचाभर तेल. नागलीला मोड आणून, वाळवून दळली की तिची खीर घट्ट गोळा होत नाही, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. पुढे गावोगाव ग्राम बालविकास केंद्रं निघाली, त्यांचा गाभाही हाच, दिवसातून अनेकदा आणि दाट अन्न. आपल्या ग्रुपवरचं 'पाचदा थोडं थोडं खा' वजन उतरवायला असतं. इथे तोच सल्ला वजन चढवायला.

जुलाबाला मीठ-साखर-पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हे द्रावण पाजलं तेव्हा कॉलऱ्याचे मृत्यू तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. साखर, मीठ आणि स्वच्छ पाणी, एवढंच.

पाण्याशी येऊन मी अडतो. मोखाड्यात मार्च-एप्रिलपासून विहिरी तळ गाठतात, टँकर येतो, तो विहिरीत ओततात आणि बायका तिथून हंडे भरून चढ चढतात. त्याच तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे, २०१४ मध्ये पुरं झालेलं. दिवसाला साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मुंबईला. मुंबईतले आपण वीस सेकंद हात धुतो ते कुठल्या पाण्याने, हे आत्याला मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

सुधारणा झालीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात आज उपजिल्हा रुग्णालयाच्या सोयी आहेत. आशाताई पाड्यावर जातात. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण मिळतं, नंतर मुलांना अंडी-केळीही सुरू झाली. पण २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंवरून पुन्हा तेच सगळं घडलं, तेच दौरे आणि तेच प्रश्न. ऑगस्ट २०२२ मध्ये तर रस्ता नसलेल्या एका पाड्यावरून बाळंतिणीला झोळीत घालून चिखलातून न्यावं लागलं. तिची जुळी वाचली नाहीत. अशा पाड्यावर माणूस आधी भगताकडे जातो म्हणून आपण नाकं मुरडतो. भगत पाड्यातच असतो आणि दवाखाना ओढ्यापलीकडे, एवढा हिशोब कुणालाही कळतो.

आणखी एक गोष्ट तिथे गेल्यावर डोळ्यांत भरली. नागलीचं पेरणीक्षेत्र आकसत चाललंय. रोपं लावायची, डोंगरावर राखायची, मळायची, एवढ्या मेहनतीपेक्षा रेशनचा तांदूळ स्वस्त पडतो. आणि इकडे शहरात नागलीचं पीठ चकचकीत पाकिटात, बिस्किटांत, डोशांत! २०२३ हे तर जागतिक भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं.

आत्याने विचारलंय की चांगली नागली कुठे मिळेल. जव्हारच्या बाजारात मिळते, दिवाळीनंतर गेलात तर नवी. भाव करू नका. जूनमध्ये मात्र जाऊन उपयोग नाही. तेव्हा भट्ट्यांवरून माणसं नुकती परतलेली असतात आणि अंगणवाडीत मुलांचे दंड मोजायचं काम चालू असतं. त्या पट्टीवर हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग असतात. ११.५ सेंटीमीटरच्या आत घेर भरला तर तांबडा.