आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए : नमुना कसा घेतात, काय कळतं आणि काय कळत नाही

गरोदर बाईच्या दंडातून दोन नळ्या रक्त घ्यायचं आणि त्यातून पोटातल्या बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज बांधायचा, या तपासणीला एनआयपीटी म्हणतात. यवतमाळ, पुसद, वणीकडच्या घरांतही आता हे नाव ऐकू येतं. खर्च साधारण दहा ते वीस हजार रुपये. एवढे पैसे मोजून नेमकं काय तपासलं जातं हे घरात कुणालाच नीट माहीत नसतं, आणि मग रिपोर्टवरून नको ते अर्थ काढले जातात. म्हणून ही माहिती जरा सविस्तर.

डीएनए पेशीच्या आत असतो, हे आपण शाळेत शिकतो. पण पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात आणि काही काळ मोकळे फिरतात. हा 'पेशीमुक्त डीएनए'. रक्तात असा मोकळा डीएनए असतो हे फ्रान्समधल्या मांडेल आणि मेते या दोघांनी 1948 मध्ये दाखवलं, पण त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1997 मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईच्या रक्तात बाळाचा डीएनएही सापडतो हे सिद्ध केलं आणि मग चक्रं फिरली. लो यांना 2022 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

खरं तर हा डीएनए थेट बाळाच्या अंगातला नसतो, तो वारेतून येतो. वार आणि बाळ एकाच बीजापासून बनतात म्हणून बहुतेक वेळा दोन्हींचा डीएनए सारखा असतो. बहुतेक वेळा, नेहमी नाही. हा फरक पुढे कामी येईल.

तुकडे आकाराने फार लहान. शिवणयंत्राच्या बॉबिनवर दोरा गुंडाळलेला असतो तसा पेशीत डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. पेशी मेली की दोन रिळांमधला उघडा दोरा कापला जातो आणि रिळावरचा तेवढा तुकडा शिल्लक राहतो. त्याची लांबी सुमारे 166 अक्षरं, वारेतून आलेला तर त्याहूनही आखूड, 143 च्या आसपास. अख्ख्या डीएनएची लांबी तीनशे कोटी अक्षरं आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे हा तुकडा किती बारीक ते कळेल. प्रमाणही नगण्य. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर प्लाझ्मात हा डीएनए काही नॅनोग्रॅम असतो, आणि एका ग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्यानंतर त्यातला साधारण दहावा हिस्सा बाळाकडचा. बाकी सगळा आईचा.

नळीत काय होतं

खरी अडचण पांढऱ्या पेशींची. रक्त नळीत पडून राहिलं की आईच्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा लांबलचक डीएनए प्लाझ्मात मिसळतो. बाळाचा वाटा दहा टक्के होता तो पाचावर, तिनावर येतो. म्हणूनच रक्त गोठवून सीरम काढून चालत नाही, कारण गोठतानाच पेशी फुटतात. साध्या, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत रक्त घेतलं तर चार-सहा तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पुसद-उमरखेडहून तर आणखी लांब, आणि तपासणी करणारी लॅब अनेकदा नागपूरच्याही पुढे. साध्या नळीचा इथे निभाव लागत नाही.

त्यासाठी खास नळी येते. तिच्यातलं रसायन पेशींचं आवरण घट्ट करतं, त्या फुटत नाहीत, आणि नमुना काही दिवस टिकतो. पण तिलाही तापमानाची मर्यादा आहे : सर्वसाधारणपणे 6 ते 37 अंश. ती बर्फात ठेवायची नाही, फ्रीजमध्येही नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, बंद गाडीत त्याहून वर. कुरिअरच्या पिशवीत दुपारभर उन्हात पडलेला नमुना बिघडला तर त्यात आईचा दोष नाही, बाळाचाही नाही. उन्हाळ्यात तपासणी करायची असेल तर नमुना किती वाजता निघणार आणि कसा जाणार, एवढं विचारायला संकोच करू नका. सकाळी रक्त देऊन त्याच दिवशी नमुना रवाना होत असेल तर उत्तम.

रक्त घेतानाही काळजी लागते. नळी खुणेपर्यंत पूर्ण भरायची. घेतल्याबरोबर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, सरबताच्या बाटलीसारखी हलवायची नाही.

लॅबमध्ये तुकडे कसे वेगळे करतात

आधी नळी यंत्रात गरगर फिरवतात. जड पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा येतो. तो अलगद उचलून दुसऱ्या नळीत घेतात आणि आणखी वेगाने पुन्हा फिरवतात. पहिली फेरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 1600 पट जोराने, दुसरी 16000 पट. दुसऱ्या फेरीत उरल्यासुरल्या पेशी आणि कचरा खाली जातो. ही फेरी टाळली तर पुढचं सगळं वाया.

दहा मिलिलिटर रक्तातून चार-पाच मिलिलिटर प्लाझ्मा मिळतो. त्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम, म्हणजे प्रोटिनेज के, आणि ग्वानिडिनचे क्षार घालतात. डीएनएला चिकटलेली प्रथिनं सुटतात. या क्षारांमध्ये डीएनएचा एक गुण कामाला येतो : तो सिलिकाला, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाला, चिकटतो. सिलिकाची बारीक जाळी किंवा सिलिका लावलेले चुंबकी मणी वापरतात. डीएनए चिकटून राहतो, बाकी द्रव वाहून जातो. मग अल्कोहोलच्या द्रावणाने दोन-तीन वेळा धुतात. शेवटी क्षार नसलेलं थोडंसं द्रावण टाकलं की डीएनए सुटून त्यात उतरतो. एवढ्या खटाटोपातून हाती येतो साधारण 50 मायक्रोलिटर द्रव, म्हणजे जेमतेम एक थेंब.

नेहमीची डीएनए काढायची पद्धत इथे चालत नाही, कारण तीत लांब धागे पकडले जातात आणि बारीक तुकडे धुतल्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून क्षार आणि अल्कोहोलचं प्रमाण बदलतात, सोबतीला थोडा बाहेरचा आरएनए टाकतात, त्यामुळे हे चिमुकले तुकडे हरवत नाहीत. शेवटी तुकड्यांची लांबी मोजतात. आलेखात 166 च्या आसपास एकच टोकदार शिखर दिसलं तर नमुना चांगला. लांब धाग्यांचा ढीग दिसला तर पेशी फुटल्या होत्या असं समजायचं.

लघवी, पाठीच्या मणक्यातलं पाणी, फुप्फुसाभोवतीचं पाणी यांतूनही असेच तुकडे काढतात. लघवीतले तुकडे फार लवकर नासतात, म्हणून नमुना घेताच त्यात ईडीटीए मिसळतात. कॅन्सरच्या गाठीचे तुकडेही रक्तात येतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये कोणती गोळी लागू पडेल हे त्यावरून ठरवता येतं. पण खर्रा खाऊन तोंड उघडेनासं झालं असेल तर या तपासणीची वाट पाहू नका. तिथे तोंड उघडून बघणारा डॉक्टर आणि साधी बायोप्सी हाच रस्ता.

मोजणीचा हिशोब

वेगळे केलेले लाखो तुकडे यंत्र वाचतं आणि कोणता कोणत्या गुणसूत्राचा आहे ते मोजतं. डाऊन सिंड्रोममध्ये बाळाकडे 21 नंबरची दोनऐवजी तीन गुणसूत्रं असतात. बाळाचा वाटा 10 टक्के असेल तर 21 नंबरचे तुकडे नेहमीपेक्षा फक्त 5 टक्के जास्त दिसतील. वाटा 4 टक्क्यांवर आला तर केवळ 2 टक्के. त्याखाली फरक ओळखणं अवघड होतं आणि लॅब 'निकाल देता येत नाही, पुन्हा नमुना पाठवा' असं कळवते. कारण कधी आईचं वजन जास्त असतं, कधी तपासणी लवकर झालेली असते, कधी नमुना तापलेला असतो. घरात लगेच मातम सुरू होतो, ते करू नये. डॉक्टरांना कारण विचारावं आणि पुढचं ठरवावं.

'हाय रिस्क' आलं तरी तो अंतिम निकाल नाही. हिशोब करून पाहा. एक लाख गरोदर स्त्रियांत हजारी एक या प्रमाणात 100 बाळांना डाऊन सिंड्रोम आहे असं धरू. चाचणी त्यातली 99 पकडते. उरलेल्या 99,900 निरोगी बाळांमध्ये ती हजारात एकदाच चुकते असं धरलं तरी 100 जणींना चुकीचं 'हाय रिस्क' येईल. म्हणजे अशा निकालांपैकी निम्मे खोटे. आईचं वय जास्त असेल तर खरे निघण्याचं प्रमाण वाढतं. शिवाय वार आणि बाळ यांच्यातला तो फरक आहेच. म्हणून वारेचा तुकडा किंवा गर्भजल तपासून खात्री केल्याशिवाय कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया यात दिसत नाही

घराघरात सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. रिपोर्ट 'लो रिस्क' आला की सगळे निर्धास्त होतात. पण नेहमीची एनआयपीटी गुणसूत्रांची संख्या मोजते, एकेका जनुकातली चूक पाहत नाही. आई स्वतः सिकलसेलची वाहक असेल तर तिच्या रक्तातले त्या जनुकाचे नव्वद टक्के तुकडे तिचेच असतात आणि त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये ती चूक आधीच असते, त्यातून बाळाचं वेगळं काढणं या साध्या मोजणीच्या आवाक्याबाहेरचं.

आणि विदर्भात आजार आहे तो नेमका हाच. आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये तो जास्त दिसतो, म्हणून आपल्यातले बरेच जण 'हे आपल्यात नसतं' म्हणून मोकळे होतात. सौदी अरबच्या पूर्व भागात, कतीफ आणि अल-अहसाकडे, सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे, आणि तिथला आणि भारतातला दोष एकाच घराण्याचा. शास्त्रज्ञ त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. सौदीत 2004 पासून निकाहपूर्वी सिकलसेल-थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी बाळाची. चुलत-मामे भावंडांत नाती होतात तिथे दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते.

यासाठी हजारो रुपये लागत नाहीत. सोल्युबिलिटी ही सिकलसेलची प्राथमिक चाचणी, आणि इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही कळतात. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेतही ती आहे. शेजारी चंद्रपूरला आयसीएमआरचं याच आजारांवरचं केंद्र आहे. मंगनीच्या आधी करून घेतली तर सर्वांत बरं. लग्न झालेलं असेल तर पहिल्या तिमाहीत आधी बाईची करा, ती वाहक निघाली तर नवऱ्याची. दोघेही वाहक निघाले तर बाळाची तपासणी अकराव्या आठवड्यापासून वारेच्या तुकड्यावर होते.

कायदा, मुदत आणि रोजा

या तपासणीत मुलगा की मुलगी हे यंत्राला दिसतं, पण रिपोर्टमध्ये येत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, देशाचा 1994 मध्ये आला. लिंग विचारणाऱ्या नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिलियतमध्ये मुली पुरत असत, ते बंद करणारा दीन आपला, मग हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचाच कशाला?

गंभीर दोष पक्का झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न मुफ्तींना विचारावा. तारखेचा मात्र घोळ होतो. मक्केच्या राबिता-ए-आलमे-इस्लामीच्या फिकह परिषदेने 1990 मध्ये, उपचार नसलेला गंभीर दोष तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने पक्का केला असेल तर 120 दिवसांच्या आत आईबापांच्या मागणीवर गर्भपाताला वाव दिला, त्यानंतर फक्त आईच्या जिवाला धोका असेल तरच. हे दिवस गर्भ राहिल्यापासूनचे. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे दोन आठवडे आधीपासून. त्यामुळे 120 दिवस म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबाने सुमारे एकोणीस आठवडे. गर्भजल तपासणी सोळाव्या आठवड्याच्या सुमारास होते आणि तिच्या निकालालाही वेळ लागतो. दहाव्या-अकराव्या आठवड्यात तपासणी केली तरच विचाराला सवड मिळते. देशाच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनंतर ठरावीक स्थितीत 24 आठवड्यांपर्यंत, आणि गर्भातल्या गंभीर दोषासाठी त्यापुढेही मेडिकल बोर्डाच्या मंजुरीने परवानगी मिळते.

एनआयपीटीसाठी उपाशी राहावं लागत नाही. रमजानमध्ये रक्त दिल्याने हनफी मसलकाप्रमाणे रोजा तुटत नाही. अशक्तपणा येत असेल तर इफ्तारनंतर देता येतं, फक्त त्या वेळी नमुना न्यायला कुरिअर येतो का ते आधी विचारून घ्या.