तजवीदचे रंग

कुरआनातले प्रत्येक अक्षर त्याच्या नेमक्या उच्चारस्थानातून कसे काढावे, कुठे लांबवावे, कुठे नाकातून घुमवावे, हे सांगणारे शास्त्र म्हणजे तजवीद. हे नियम रंगांनी दाखवणाऱ्या प्रती आज मदरशांत सर्रास दिसतात. पण रंगाची ही सोबत छपाईच्या कितीतरी आधीची आहे.

सातव्या शतकातल्या हस्तलिखितांत ऱ्हस्व स्वरांना चिन्हेच नव्हती. अरबी मातृभाषा नसलेले लोक इस्लाममध्ये येऊ लागले आणि वाचनात चुका होऊ लागल्या. परंपरा सांगते की बसऱ्याचे अबुल अस्वद अद-दुअली (मृत्यू सुमारे ६८८) पठण करीत आणि लेखनिक त्यांच्या ओठांवर नजर ठेवी. ओठ उघडले की अक्षराच्या वर ठिपका, गोल झाले की पुढे, खाली ओढले गेले की खाली. ठिपक्यांची शाई मजकुराहून वेगळी, बहुधा तांबडी असे. मूळ लेखनात भर घातल्यासारखे दिसू नये, ही काळजी त्यामागे होती. अंदलुसचे, म्हणजे मुस्लिम स्पेनचे, अबू अम्र अद-दानी (मृत्यू १०५३) यांनी या ठिपक्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मदीनेत स्वरांना तांबडा आणि हम्जा या कंठ्य ध्वनीला पिवळा रंग वापरत, अशी नोंद त्यात आहे.

आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी आजची स्वरचिन्हे रूढ केली, तरी रंग टिकून राहिले. ते मागे पडले छापखान्यात. १९२४च्या कैरो आवृत्तीच्या परिशिष्टात याचे कारण प्रांजळपणे दिले आहे: लेखनात नसलेली पण उच्चारायची अक्षरे पूर्वी तांबडी लिहीत, छपाईत ते अवघड असल्याने ती बारीक केली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दमास्कसच्या दार अल-मारिफा या प्रकाशनसंस्थेने रंग परत आणले, पण नव्या कामासाठी. आता रंग स्वर नव्हे, तर नियम दाखवतात: लांबवण्याच्या ‘मद’ला लाल छटा, नाकातल्या ‘गुन्ना’ला हिरवा, अनुच्चारित अक्षराला राखाडी. स्वरहीन ‘नून’पुढे ‘बा’ आला तर ‘म’ उच्चारायचा, जसा मराठीत ‘संबंध’मध्ये आपोआप होतो, तिथेही हिरवा रंग विद्यार्थ्याला सावध करतो. प्रकाशक बदलला की रंगांचे अर्थही बदलतात, म्हणून सूची आधी वाचावी लागते.

‘ज़ाद’सारखे अक्षर जिभेच्या कडेने कसे निघते, हे मात्र रंगाला सांगता येत नाही. ते उस्तादांकडून ऐकून, त्यांना म्हणून दाखवूनच शिकतात. पठण शिकवण्याची इजाजतही रीतीप्रमाणे संपूर्ण कुरआन उस्तादांना ऐकवल्यावरच मिळते.